दिवळीतली हळकुंडं

आमच्या घरी दोन दुभत्या म्हशी होत्या आणि लहानपणी दूध प्यायल्याचं मला आठवत नाही. धार काढून झाली की तांब्या सरळ किसनदादाच्या हातात जायचा. किसनदादा माझा थोरला भाऊ, तालमीत जाणारा. तालमीत जाणाऱ्या पोराचं पोट भरणं हे देवाच्या नैवेद्याआधीचं काम, असा आमच्या आबांचा, म्हणजे वडिलांचा, कायदा होता. उरल्यासुरल्या दुधाचं तूप व्हायचं आणि तेही दादाच्याच भाकरीवर पडायचं. माय आणि मी ताक प्यायचो. ताकानं डोकं थंड राहतं, असं आबा म्हणायचे. आणि त्या घरात डोकं थंड ठेवायची गरज आम्हा दोघींनाच होती, हे मात्र खरं. पहाटे अंगणात दादाच्या जोर-बैठकांचा धप धप आवाज सुरू झाला की मी उठून जात्यावर बसायची. त्याचे जोर आणि माझं दळण बरोबरच संपायचं. फरक इतकाच, की त्यानंतर त्याला खुराक मिळायचा आणि मला गोठ्यातलं शेण.

कुरुंद्यात आमची हळदीची शेती. आबा शेती नेटकी करायचे, पण त्यांचा जीव पैलवानांत. तरुणपणी ते स्वतः बरे खेळायचे म्हणे. पुढे गुडघा गेला, खेळणं सुटलं आणि पारखणं वाढलं. माणूस समोर आला की आधी मान बघायची, मग मनगट, मग पोटऱ्या. माझ्या चुलत बहिणीच्या लग्नात अंतरपाट धरलेला, भटजींचं चाललेलं, आणि हे हातात अक्षता घेऊन शेजारच्याला सांगत होते की नवरदेवाचा डावा खांदा ढिला आहे. पुढे मला बघायला पाहुणे आले, मुलगा मास्तर. बाकीचे त्याचं शिक्षण विचारत होते. आबांनी त्याला अंगणात चार पावलं चालून दाखवायला लावलं. मुलीला चालायला लावतात हे मी ऐकलं होतं, मुलाला चालवलेलं तेवढंच पाहिलं. पाहुणे गेल्यावर निकाल दिला की मान काडीसारखी आहे, पण पाय सरळ पडतात. त्या सरळ पायाच्या मास्तरांनीच मला लिहायला शिकवलं, म्हणून हे कागद काळे होत आहेत.

आबांची खरी सत्ता चालायची ती जत्रेआधी आठ दिवस. जत्रेला बाहेरगावचे नावाजलेले मल्ल यायचे, पण लोकांचा जीव अडकलेला असायचा तो नव्या दमाच्या पोरांत. आसपासच्या पाच गावांतली आणि तांड्यांवरची थोराड अंगाची, अजून नाव व्हायचं असलेली पोरं. त्यांत पहिला कोण, दुसरा कोण, असा आठ जणांचा क्रम आबा लावायचे आणि पाच गावांचे पंच आमच्या दारालगतच्या ढाळजेत बैठक मांडून तो कायम करायचे. पहिल्या-दुसऱ्याची जोड जत्रेत सगळ्यांत शेवटी सुटायची, चांदीच्या कड्यासाठी. तिसरा-चौथा फेट्यासाठी लढायचे आणि त्याखालचे नारळासाठी. हळद तोलायच्या मोठ्या ताजव्याच्या पारड्यात आबा एकेका पोराला बसवायचे; दोन मणांच्या खाली भरला तर पुढल्या साली ये म्हणून उतरवून द्यायचे. लग्न झालेला पोरगाही यादीतून बाद. संसारात पडलेल्याला नव्या दमाचा कसा म्हणायचं, असा त्यांचा सवाल असायचा, आणि त्यावर मायकडे बघायचे.

यादी म्हणते खरी, पण कागद कुठेच नव्हता. आबांना उर्दू शाळेतली चार अक्षरं यायची, पंचांतल्या निम्म्यांना तीही नव्हती. म्हणून हळकुंडं. ढाळजेतल्या दिवळीत, म्हणजे भिंतीतल्या कोनाड्यात, आठ हळकुंडं ओळीनं मांडलेली असायची. एका पोराचं एक हळकुंड. एकदा ठरलं की ते पोरगं यादीतून जाईस्तोवर तेच. कुठलं जाड, कुठलं वाकडं, कुठलं टोक मोडलेलं. पंचांना ती हळकुंडं पोरांच्या तोंडांइतकी ओळखीची होती. दाराकडचं पहिलं. आबा वर्षभर तालमी हिंडायचे आणि परत आले की एखादं हळकुंड एक जागा पुढे नाहीतर मागे सरकायचं, त्याची संध्याकाळपर्यंत गावभर बातमी व्हायची. घरात पोत्यांनी हळद असली तरी दिवळीकडे हात न्यायची आम्हाला बंदी. एकदा मायनं घाईत शिरडच्या एका पोराचं हळकुंड उचलून खलबत्त्यात कुटलं. त्या साली त्या पोराला नारळसुद्धा मिळाला नाही आणि त्याचं खापर आमच्या वरणावर फुटलं. त्याची आई पुढे कित्येक वर्षं मायशी बोलत नव्हती.

किसनदादाचं हळकुंड बुटकं, एका अंगाला बोट फुटलेलं. तीन वर्षं ते चौथ्या जागेवर बसून होतं. गावाचं म्हणणं असं, की दादा खरा पहिलाच. पण पोटचा पोरगा म्हणून आबा त्याला मुद्दाम खाली ठेवतात, कुणी बोट दाखवू नये म्हणून. त्याचं लोकांना कोण कौतुक. आबांसारखा सरळ माणूस पाच गावांत नाही, म्हणायचे. दादाही हेच धरून चालला होता, माय आणि मीही. मला त्या सरळपणाचा असा संताप यायचा की काय सांगू. लोकांच्या पोरांना घरचे बदाम भिजवून द्यायचे आणि घरच्या पोराची फेट्यावर बोळवण करायची, हा कुठला न्याय. माय भाकरी थापताना परातीला ऐकवायची, की काही माणसांना जगात चांगलं म्हणवून घ्यायची फार हौस असते. लेकी बोले सुने लागे, पण आबांना काही लागायचं नाही. ते भाकरी कुस्करून जेवत राहायचे. हात धुऊन दिवळीसमोर उभे राहायचे, ते बुटकं हळकुंड उचलून बघायचे आणि होतं तिथेच ठेवून द्यायचे. दुसऱ्या दिवशी पहाटे अंगणातला धप धप आवाज दुप्पट व्हायचा.

परवा माझ्या नातवानं मला मोबाइलवर परदेशी ठोसेबाजांची यादी दाखवली. सगळे धिप्पाड, अजून नाव व्हायचे, आणि प्रत्येकाला आकडा दिलेला. हा तिसरा कसा आणि तो पाचवा का, यावरून तो आणि त्याचा मित्र माझ्या खाटेवर बसून तासभर भांडले. मी विचारलं, हे आकडे लावणाऱ्यानं यांना कधी जेवताना पाहिलंय का, कुणाचा बाप कोण आहे हे तरी त्याला ठाऊक आहे का. आजीला यातलं कळत नाही, असं दोघांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मला यातलं नको तितकं कळतं.

त्या साली दादाचं लग्न ठरलं. उन्हाळ्यात बार उडायचा होता, म्हणजे यादीतलं हे शेवटचं वर्ष. कडं मिळवायचं तर आत्ताच, नाहीतर जन्मभर चौथा. दादानं बोलणंच टाकलं. एके दिवशी मी हळद वाळत घालत होते, तर जवळ येऊन उकिडवा बसला. दोन मणांच्या वर भरणारा माणूस, पण लेकरासारखं तोंड करून म्हणाला, "पारू, आबांला माझ्यात काय कमी दिसून राहिलं?" मी हळद पसरत राहिले. पण त्या दिवशी माझ्या मनानं घेतलं, की आबांच्या चांगुलपणापायी माझ्या भावाचा बळी जाऊ द्यायचा नाही.

तेव्हा पहिल्या जागेवर सोमला होता, पलीकडच्या तांड्यावरचा. काळासावळा, बोलायला कमी. पारड्यात बसला की पारडं खाली टेकायचं आणि हा मान खाली घालून हसायचा. आबांनी दिलेलं दूध अर्धं पिऊन अर्धं परत ठेवायचा. एवढी सवय लागली तर तांड्यावर कोण देणार, म्हणायचा. तांड्यावरचं पोरगं पहिलं, हे पंचांतल्या काहींच्या घशाखाली उतरत नव्हतं. मातीला गाव न् तांडा कळत नाही, असं आबांनी त्यांना दोनदा सुनावलं होतं. हे सगळं मी ऐकलेलं होतं, पण त्याचा अर्थ लावायचं माझं वय नव्हतं. तेरा-चौदा वर्षांची होते, आणि भावाच्या मायेनं आंधळी झाले होते.

पंच येणार त्या दिवशी सकाळी ढाळज सारवायचं काम माझ्याकडे आलं. आबा विहिरीवर गेले होते. मी आधी जमीन सारवली, मग हात धुतले, पदराला पुसले आणि दिवळीतलं ते बुटकं हळकुंड उचलून सगळ्यांच्या पुढे ठेवलं. आधीची तीन एकेक जागा मागे सरकवली. सोमला दुसरा झाला. वळून बघते तर माय दारात उभी. तिनं दिवळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चुलीकडे गेली. पंचांसाठी धपाटी करायची होती, तिनं पीठ मळायला घेतलं.

आबा परतून अंगावर बंडी चढवेपर्यंत पंच येऊन टेकलेसुद्धा. शिरडचे मारोतराव त्यांच्यात थोर. ते बसायच्या आधी दिवळीपाशी गेले, वाकून बघितलं आणि वळून मोठ्यानं म्हणाले, "आबा, आखिर इन्साफ केला तुमी. तीन साल वाट पाहिली आमी." बाकीचे उठून बघायला लागले. मी आतल्या दाराआड उभी होते, तिथून मला आबांचं तोंड दिसत होतं. त्यांनी दिवळीकडे पाहिलं. मग खाली, ओल्या सारवणाकडे. मला वाटलं, आता माझ्या नावानं हाक येणार. तेवढ्यात अंगणातून दादा आला. कुणीतरी त्याला सांगितलं. तो तिथंच उंबऱ्याबाहेर उभा राहून आबांकडे बघत राहिला आणि त्याचे डोळे भरून आले. आबा खाली बसले. "बसा," म्हणाले, "धपाटी थंड व्हून राहिली." क्रम कायम झाला.

पंच खुशीत गेले. त्यांची खुशी दादासाठी कमी आणि सोमला खाली गेला म्हणून जास्त होती, हे मला फार पुढे उमगलं. त्या वेळी मला वाटलं, माझ्यासारखा न्याय करणारं कुणी जन्मलंच नाही. दादानं आबांचे पाय धरले. दोन दिवस तो घरात गाणं म्हणत हिंडत होता. मी वाट बघत होते आबा कधी बोलतात याची, आणि आबा बोलत नव्हते, याचाही मला रागच येत होता.

तिसऱ्या दिवशी मी हळदीच्या खळ्यावर राखणीला बसले होते, तिथं ते आले. जवळच्या पोत्यावर बसले आणि एक हळकुंड हातात घेऊन चोळत विचारलं, हे तू केलं का. मी म्हटलं, "व्हय. तुमी कदीच केलं नसतं. जगाच्या तोंडासाठी पोटच्या पोराला खाली ठुलं तुमी."

"पारू," आबा म्हणाले, "त्यो चवथाच हाये."

मला आधी कळलंच नाही. मग ते सावकाश सांगायला लागले, जसं तालमीत सांगायचे. दादाच्या अंगात ताकद आहे, पण चार मिनिटांच्या पुढे दम टिकत नाही. समोरच्यानं डाव धरला की हा उजवा खांदा उघडा टाकतो. शंभरदा दाखवलं, शंभरदा विसरला. तीन वर्षं वाट पाहिली, वर येईल म्हणून. नाही आला. जगाला वाटलं, आबा म्हणाले, मी न्याय करून राहिलो. मी तर फक्त पाहत होतो.

"मंग त्याला तसं सांगितलं काहून न्हाई?"

"माझ्यावर राग धरून पहाटं उठून राहिलं पोरगं," आबा म्हणाले. "सोतावर राग धरला आसता, तर उठलंच नसतं."

मी म्हटलं, आता तरी पंचांना सांगा, अजून चार दिवस आहेत. त्यांनी मान हलवली. पंचांना सांगणं म्हणजे दादाला सांगणं, म्हणाले, आणि दोन दिवस झाले तो हसतोय. तुझ्यात हिंमत असेल तर तू जाऊन सांग. मी घरी गेले. दादा ओसरीत बसून नवा लंगोट उन्हात धरून बघत होता. मला बघून म्हणाला, पारू, कड्याला घासून तूच चकाकी आणायची. मी आत जाऊन ज्वारी निवडायला बसले. ती निवडलेलीच होती.

आमच्याकडे बायका आखाड्याजवळ जात नसत. आम्ही चावडीशेजारच्या घराच्या माळवदावर उभ्या राहायचो, पदर पुढे ओढून, आणि तिथून माती स्पष्ट दिसायची. दुपारभर हलगी वाजत होती. नारळाच्या कुस्त्या झाल्या, फेट्याची झाली. मग शेवटची जोड. दादा मातीत उतरला, शड्डू ठोकला आणि आबा बसले होते तिकडे बघून हात जोडले. मायनं माझं मनगट धरलं होतं. पहिली काही मिनिटं दादा असा खेळला, की मला वाटलं आबाच चुकले. त्यानं सोमलाला दोनदा मातीवर आणलं, लोक उभे राहिले, मारोतरावांनी फेटा उडवला. मग तो तोंडानं श्वास घ्यायला लागला. मला तेवढ्या लांबून दिसलं. मी मोजल्यासारखी त्याचा उजवा खांदा बघत होते आणि मनात ओरडत होते, की झाक, झाक तो. सोमलानं हात घातला, दादा उचलला गेला आणि त्याच खांद्यावर पडला. आवाज माळवदापर्यंत आला.

सोमलानं कडं घ्यायला हात पुढे केला नाही. त्यानं दादाला पाठीवर घेतलं आणि गर्दीतून आमच्या घरापर्यंत आणलं, हाडवैद्य येईपर्यंत अंगणात मातीनं भरलेल्या अंगानं उभा राहिला. मायनं त्याला दुधाचा तांब्या दिला, तर तेव्हाही त्यानं अर्धा परत ठेवला. हाडवैद्यानं खांदा बसवला, पण तो नीट बसला नाही. दादाचा उजवा हात पुन्हा कधी कानाच्या वर गेला नाही. उन्हाळ्यात लग्न लागलं, तेव्हा हार घालायला त्याला नवरीला वाकायला सांगावं लागलं.

आणि गाव, ज्यानं तीन वर्षं आबांच्या सरळपणाचे गोडवे गायले, तेच गाव आठ दिवसांत फिरलं. शेवटी पोटच्या पोरापुढे म्हाताऱ्याची नजर ढळली, म्हणाले. पोराला चढवायला गेला आणि पोराचा हात घालवला. मारोतरावांनी तर ढाळजेत बसून तोंडावर सांगितलं, की आम्हाला शंका होतीच. आबांनी ऐकून घेतलं. पुढल्या साली ते पंचात बसले नाहीत. पाच गावांत तीस-पस्तीस वर्षं चाललेला त्यांचा शब्द एका सकाळी मी सारवणाबरोबर पुसून टाकला, आणि ते एकदाही कुणाला म्हणाले नाहीत, की हे माझ्या पोरीनं केलं. मी दोनदा त्यांना म्हटलं, सांगा लोकांना. तर म्हणाले, तुझं लग्न व्हायचंय. इतका राग मला आयुष्यात दुसऱ्या कुणाचा आला नाही. माणसानं किती गप्प बसावं याला काही सुमार असतो. त्यांनी मला बोल लावला असता, एक थप्पड मारली असती, तर मी मोकळी झाले असते.

पुढे धामधुमीची वर्षं आली, जत्रा भरायची थांबली, राज्य बदललं. आबा गेले. दादानं एका हातानं शेती केली, आणि चांगली केली. माहेरी गेले की तो मला जेवायला शेजारी बसवायचा आणि पोरांना, सुनांना, पुढे नातवंडांना तीच गोष्ट सांगायचा. आबा कसे कडक, तीन साल चौथा ठेवलं, आणि चौथ्या साली सगळ्या पंचांदेखत पहिला. "हात गेला तं गेला," म्हणायचा. "आबांनी मला पयला मानलं. त्यांच्या नजरंत मी पयला व्हतो." मग माझ्याकडे बघायचा, 'सांग ना यांना' म्हणून. किती वेळा मनात आलं, की म्हणावं, अरे शहाण्या, ते मी केलं. एकदा तर म्हणायला तोंड उघडलं, आणि त्यानं तोवर माझ्या भाकरीवर तुपाची वाटी उपडी केली, डाव्या हातानं.

गेल्या साली दादा गेला. दहाव्याच्या दिवशी त्याचा थोरला मुलगा माझ्याकडे एक कागद घेऊन आला. उत्तरकार्याची पत्रिका छापायची होती. दादाच्या नावाखाली त्यानं लिहिलं होतं, पंचक्रोशीतील पहिल्या क्रमांकाचे मल्ल. मी वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत वाचलं. तो खाली बसला आणि म्हणाला, "आत्या, त्या वक्ताचं आता तुमच्याबिगर कुनी राहिलं न्हाई. खोटं छापायचं न्हाई मला. आजोबानं खरंच पयला ठुलं व्हतं का?"

मला आबांचा राग आला, दादाचा आला, या पोराच्या सरळपणाचाही आला. अगदी आजोबावर गेलाय.

"व्हय," मी म्हटलं. "सोताच्या हातानं ठुलं व्हतं. म्या पाहिलंय."